दुधाचे दात घासणे हे मोठ्यांचे काम

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

माझ्या नातवाच्या वरच्या जबड्यातले पुढचे दोन दात गेल्या वर्षी पूर्ण भूल देऊन काढावे लागले आणि मागच्या दोन दाढांवर कॅप बसवाव्या लागल्या. तेव्हा त्याला तीन वर्षे पूर्ण होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. शस्त्रक्रियागृहाच्या दारापर्यंत त्याला कडेवर नेताना माझ्या मनात एकच गोष्ट सलत होती. अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून सांगली जिल्ह्यात २७ वर्षे काम करताना मी हजारो मुलांची वजने तपासली, दंडांचे घेर मोजून घेतले, लसीकरणाच्या नोंदी पडताळल्या. पण दीड-दोन वर्षांच्या मुलाचे दात कसे घासायचे, हे एकाही मातेला मी कधी हाताने करून दाखवले नाही, आणि स्वतःच्या घरात ती वेळ आली तेव्हा ते मलाही येत नव्हते. या वयाची मुले ब्रश तोंडात घालू देत नाहीत, ही तक्रार घरोघरी आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहावेसे वाटले.

आमच्या घरी हे काम कसे चाले, ते आधी सांगते. सकाळी साडेसातला मुलगा नातवाचे दोन्ही हात धरून ठेवी, सूनबाई एका हाताने त्याची हनुवटी पकडून दुसऱ्या हाताने ब्रश आत सारू पाही, आणि तो ओठ घट्ट मिटून, मान डावी-उजवीकडे फिरवून असा आकांत करी की शेजारच्या वहिनी काय झाले म्हणून दाराशी येत. काही आठवड्यांनी तर ब्रशचा पेला हातात घेतलेला दिसला की तो कपाटामागे जाऊन बसू लागला. मग आम्ही सोडून दिले. मोठा झाला की आपोआप घासेल, अशी आमची समजूत होती. रात्री मात्र साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपण्याची त्याची सवय तशीच राहिली. पुढच्या दातांवर पिवळसर-तपकिरी डाग दिसू लागले तेव्हा आम्ही त्याला जवळच्या एका दवाखान्यात नेले. तेथे ‘दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत’ असे सांगितले गेले आणि आम्हीही तेच ऐकायला आलो असल्यासारखे निश्चिंत होऊन घरी परतलो.

‘दुधाचेच दात’ या दोन शब्दांनी मुलांचे जेवढे नुकसान केले आहे, तेवढे गोड खाण्याने तरी केले असेल का, असे मला आता वाटते. पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास येतो आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत वीसही दुधाचे दात तोंडात आलेले असतात. त्यांतले पुढचे सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात हे खरे. परंतु दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत कामाला असतात, म्हणजे दोन वर्षांच्या मुलाला त्याच दाढांनी आणखी आठ-दहा वर्षे भाकरी चावायची असते. या दातांवरचे कवच कायमच्या दातांच्या मानाने पातळ असते, त्यामुळे कीड लवकर दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोहोचते, गालाला सूज येते, मूल एका बाजूने चावू लागते किंवा खाणेच टाळते. दाढ अवेळी काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताची वाट अडते. आमच्या लहानपणी पडलेला दात कौलांवर फेकून नवा मागायची रीत होती. नवा दात येतो तो मात्र जुन्याने राखून ठेवलेल्या जागेवरच.

ही कीड सुरू कोठे होते, तेही पालकांना ठाऊक असायला हवे. खालच्या पुढच्या दातांना जिभेचा आडोसा आणि लाळेचे पाणी मिळते, म्हणून ते बहुधा शाबूत राहतात. वरच्या पुढच्या दातांवर, अगदी हिरडीच्या कडेने, खडूसारखी पांढरी निस्तेज रेघ उमटते ती पहिली खूण असते, आणि वरचा ओठ बोटाने उचलून पाहिल्याशिवाय ती दिसत नाही. त्या अवस्थेत नीट घासणे आणि रात्रीची बाटली बंद करणे एवढ्यानेही कीड पुष्कळदा थांबवता येते. नातवाच्या तोंडात ती रेघ नक्कीच उमटली असणार, पण आम्ही कोणीही त्याचा ओठ उचलून पाहिला नाही.

आता मुलाच्या विरोधाकडे वळते, कारण खरी अडचण तेथे आहे. ब्रश घेऊन जवळ गेले की रडणाऱ्या मुलाला आपण हट्टी ठरवून मोकळे होतो. ज्या बालदंतवैद्यांनी नातवावर उपचार केले, त्यांनी पहिल्याच भेटीत आम्हाला त्याच्या वरच्या ओठाच्या आत, मधोमध, ओठाला हिरडीशी जोडणारा मांसाचा पातळ पडदा दाखवला. ब्रशची कडा त्यावर आपटली की चांगलेच दुखते, आणि घाईघाईने समोरून ब्रश आत सारणारा माणूस बहुतेक वेळा नेमका त्यावरच आपटतो. म्हणजे कित्येक महिने आम्ही त्या पोराला रोज सकाळी दुखवत होतो आणि रडतो म्हणून त्यालाच रागावत होतो. त्यात या वयात दाढा येत असतात. पहिल्या दाढा साधारण दीड वर्षाच्या आगेमागे आणि मागच्या दोन ते पावणेतीन वर्षांच्या दरम्यान हिरडी फाडून वर येतात, तेव्हा हिरडी सुजलेली आणि हळवी असते. मोठ्यांची पुदिन्याच्या चवीची पेस्ट लहान मुलांना चक्क तिखट लागते. आणि या सगळ्यावर, प्रत्येक गोष्ट ‘मी करणार’ असे म्हणण्याचे हेच वय असते. अशा वेळी दोन मोठी माणसे हातपाय धरून तोंडात काहीतरी घालू लागली, तर मुलाने विरोध करावा यात त्याचा काय दोष?

आपल्याकडे बाळाला पायांवर घेऊन तेल लावण्याची आणि न्हाऊ घालण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. न्हाऊ घालणारी बाई पाय लांब करून बसते, बाळ तिच्या पायांवर निर्धास्त पडलेले असते आणि तिचे दोन्ही हात मोकळे असतात. दात घासताना मात्र आपण त्याच मुलाला मोरीत किंवा बेसिनपुढे स्टुलावर उभे करतो आणि समोरून त्याच्यावर वाकतो. अशाने मुलाच्या डोक्याला आधार राहत नाही, तोंडात उजेड पडत नाही आणि आपल्याला खालच्या दातांपलीकडे काहीच दिसत नाही. आम्हाला दाखवलेली पद्धत न्हाणाच्या त्या बैठकीच्या अगदी जवळची आहे, आणि म्हणूनच ती शिकायला मला दोन दिवससुद्धा लागले नाहीत.

भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून जमिनीवर बसावे. मुलाला उताणे निजवून त्याचे डोके आपल्या मांडीवर, पोटाच्या जवळ घ्यावे, म्हणजे ते आपल्याकडे वर पाहत असते आणि दिव्याचा उजेड सरळ तोंडात पडतो. डाव्या हाताच्या तर्जनीने वरचा ओठ हलकेच उचलून तो पडदा बोटाखाली झाकून घ्यावा, म्हणजे ब्रश त्याला लागत नाही. ब्रशचे केस हिरडी आणि दात जिथे मिळतात तिकडे किंचित तिरके धरून लहान लहान गोल फिरवावेत. सुरुवात मागच्या दाढांच्या बाहेरच्या बाजूने करावी आणि सर्वांत हळवे असलेले वरचे पुढचे दात शेवटी घ्यावेत. मुलाने दात आवळून धरले तरी घाबरण्याचे कारण नाही, कारण गालाच्या आतून बोट सरकवून दातांची बाहेरची बाजू मिटल्या तोंडानेही पूर्ण घासता येते, आणि तेवढे होईपर्यंत ते बहुधा स्वतःच तोंड उघडते. घरात दोघे मोकळे असतील तर दोघांनी समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसावे. मुलाचे पाय आईच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना, त्याचे हात आईच्या हातांत आणि डोके बाबांच्या किंवा आजीच्या मांडीवर. लहान मुलांचे तोंड तपासताना दंतवैद्यही अशीच बैठक वापरतात. जपानमध्ये मुलाने स्वतः ब्रश फिरवल्यानंतर आईवडिलांनी त्याचे डोके मांडीवर घेऊन पुन्हा दात घासण्याची पद्धत इतकी रुळलेली आहे की त्यासाठी त्यांच्या भाषेत स्वतंत्र शब्द आहे.

मुलाने आधी स्वतः घासायचे आणि मग मोठ्यांनी, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. आम्ही नातवाला दोन ब्रश आणले. एक त्याचा, जो तो चावतो, चोखतो, बाहुलीच्या आणि माझ्याही दातांवर फिरवतो. दुसरा फक्त माझ्या हातात असतो. चावून चावून केस वाकलेल्या ब्रशने दात स्वच्छ होत नाहीत, म्हणून हा दुसरा ब्रश आवश्यक. लाल आधी की पिवळा, चटईवर की पलंगावर, आजी की आई, हे तो ठरवतो. घासायचे की नाही, हे मात्र आम्ही कधी विचारत नाही, कारण विचारले की ‘नाही’ हेच उत्तर यायचे. पहिल्या आठवड्यात फक्त दहापर्यंत मोजून थांबायचे असे आम्ही ठरवले आणि तो हसत असला तरी अकरावर गेलो नाही, कारण आकडा पाळला गेला हे त्याला कळणे त्या दिवसांत दात स्वच्छ होण्याइतकेच महत्त्वाचे होते. नंतर आकडा वाढवत नेला. जेवताना काऊचा घास आणि चिऊचा घास करणारी आपण माणसे, ब्रश हातात आला की एकदम मुक्या का होतो, हे मला समजत नाही. ‘या दाढेत वरणभात लपलाय, इकडे शेंगदाणा सापडला, आता पोळीचा तुकडा कुठे गेला बघू,’ असे बोलत गेले की मूल स्वतःहून तोंड मोठे उघडून दाखवते, कारण आत काय सापडते याची उत्सुकता त्यालाही असते.

धाक दाखवून हे काम होत नाही. ‘डॉक्टरकाका सुई टोचतील’ असे सांगून आम्ही नातवाच्या मनात जी भीती घातली, तिची किंमत त्याने उपचारांच्या वेळी मोजली. साध्या तपासणीसाठीही तो खुर्चीवर बसेना. दातात खरेखुरे किडे होतात ही कल्पनाही मुलांच्या डोक्यात भरवू नये. आठवडी बाजारात बियांची धुरी देऊन ‘किडा’ काढून दाखवणारे लोक मी पाहिले आहेत. दातात असा किडा नसतोच, तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात पोखरते. मोबाइलवर गाणे लावून, मूल त्यात गुंगले की ब्रश फिरवण्याची पद्धतही आता पुष्कळ घरांत दिसते. त्यात मुलाचे लक्ष तोंडाकडे नसते, ते काही शिकत नाही आणि फोन काढून घेताना दुसरे भांडण उभे राहते, म्हणून मला ती पसंत नाही. तरी अजिबातच न घासण्यापेक्षा ती बरी, एवढे मान्य करते. काही मुलांना तोंडाला स्पर्शच सोसत नाही, कापडाचा, अन्नाचा किंवा आवाजाचाही त्यांना त्रास होतो. अशा मुलांच्या पालकांनी स्वतःला दोष न देता बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

दोन वेळा घासणे जमत नसेल तर रात्रीची वेळ सोडू नये. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे दातांवर राहिलेल्या दुधाचा किंवा बिस्किटाचा लगदा रात्रभर तसाच राहतो. मूल पेंगुळल्यावर नव्हे, तर जेवण झाल्या झाल्या घासावे आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही देऊ नये. पेस्ट फ्लोराइडची, म्हणजे दातांना किडीपासून जपणारा घटक असलेली, असावी. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षे वाटाण्याएवढी पुरते. जाहिरातीत ब्रशभर पसरलेली पेस्ट दिसते तशी मुलाला कधीही देऊ नये, कारण या वयाची मुले थुंकत नाहीत, गिळतात. आपल्या देशात पेस्टमधील फ्लोराइडला दहा लाख भागांत १,००० भाग अशी कमाल मर्यादा आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांत जिथे विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तेथील पालकांनी मात्र पेस्टबाबत आरोग्य केंद्रात विचारून घ्यावे. ब्रश तोंडात धरून मुलाला घरभर पळू देऊ नये, पडले तर टाळूला इजा होते. आणि मूल साधारण सात-आठ वर्षांचे होईपर्यंत शेवटचा हात मोठ्यांनीच फिरवावा, कारण त्याआधी मनगटाला ती सफाई येत नाही.

आमच्या भागातली आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू, म्हणजे मिश्री, सकाळी उठल्याबरोबर दातांना लावणाऱ्या स्त्रिया मी गृहभेटींमध्ये रोज पाहत असे. उंबऱ्यात बसून मिश्री लावणाऱ्या आजीशेजारी दोन वर्षांची नात बसून तसेच बोट हिरड्यांवर फिरवत असते, आणि घरातली माणसे कौतुकाने हसतात. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरण्यास १९९२ मध्ये देशभर बंदी झाली, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीपर्यंत तो नियम पोहोचत नाही. दात घासणे मूल पाहूनच शिकते, तेव्हा त्याने काय पाहावे याचा विचार त्या आज्यांनी आणि मावश्यांनी करावा, अशी त्यांच्याच वयाची बाई म्हणून माझी कळकळीची विनंती आहे.

आता शासनाकडे माझे मागणे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, आणि तपासायच्या ३० आजार व दोषांच्या यादीत दातांचे आजारही आहेत. ही तपासणी उपयोगाची आहेच, पण पथकाला दिसते ती बहुतेक वेळा पडून गेलेली भोके. अंगणवाडीच्या वर्गात बसणारी मुले तीन ते सहा वर्षांची असतात. तीन वर्षांखालची मुले तेथे येतात ती वजनासाठी आणि घरपोच आहाराचे पाकीट घेणाऱ्या आईसोबत. म्हणजे ज्या वयात दात किडायला सुरुवात होते आणि ब्रशची सवय लागते वा मोडते, नेमक्या त्या वयातले मूल दातांच्या दृष्टीने कोणाच्याच हातात नसते.

स्कॉटलंडमध्ये ‘चाइल्डस्माइल’ या सरकारी कार्यक्रमात बालवाड्यांमधून रोज देखरेखीखाली मुलांचे दात घासले जातात. आपल्या अंगणवाड्यांत ते उद्यापासून करा, असे मी म्हणणार नाही. पाण्याचा नळ नाही, पंचवीस ब्रश एकमेकांना न लागता ठेवायला जागा नाही, आणि पोषण ट्रॅकर या मोबाइल ॲपवरच्या नोंदींनी सेविका आधीच दबलेली आहे, हे मी जवळून पाहिले आहे. परंतु दर महिन्याला मुलाचे वजन होतेच. त्या वजनकाट्याशेजारी एक चटई अंथरावी, सेविकेने किंवा मदतनीस ताईंनी एका मुलाला मांडीवर निजवून दोन मिनिटे दात घासून दाखवावेत, आईकडून ते एकदा करवून घ्यावे आणि वरचा ओठ उचलून पांढरी रेघ आहे का ते पाहावे. ९ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाचा पहिला डोस आणि १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दुसरा डोस व त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) लसीचा बूस्टर देण्यासाठी जवळजवळ प्रत्येक आई मुलाला आणतेच; पहिल्या वेळी दात नुकतेच आलेले असतात आणि दुसऱ्या वेळी दाढा येत असतात. या दोन भेटींत आरोग्यसेविकेने तेच दाखवावे आणि माता व बाल संरक्षण कार्डावर ‘दात घासून दाखवले’ अशी एक चौकट वाढवावी. याला नवीन पद लागत नाही, यंत्र लागत नाही. सेविकांना मात्र हे आधी हाताने करून शिकवले पाहिजे. परिपत्रक पाठवून शिकवता येण्याजोगी ही गोष्ट नाही.

आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक पानावर मांडीवर घेऊन दात घासण्याची ही बैठक एखाद्या दंतवैद्यांकडून तपासून घेऊन, ठळक चित्रांसह छापावी, अशी आपणास विनंती आहे. माझ्या जुन्या बीटमधल्या, म्हणजे माझ्या देखरेखीखालच्या भागातल्या, अंगणवाड्यांच्या भिंतींवर ते कात्रण मी स्वतः जाऊन लावून येईन आणि चटईवर बसून तेथील आयांना दाखवीनही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका,
जि. सांगली